'विकिरण' आणि एकटा इलेक्ट्रॉन

प्रश्न असा आहे: प्रोटॉनच्या अंतरंगावरच्या एका लेखात 'प्रोटॉनवरून इलेक्ट्रॉनचे विकिरण' असं वाचलं. म्हणजे प्रोटॉन किरणोत्सर्गी असतो का? आणि 'डीप इनइलॅस्टिक स्कॅटरिंग'ला मराठीत काय म्हणावं?

किरणोत्सर्गाचा इथे संबंध नाही. घोटाळा हिंदीमुळे होतो. हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन, आणि स्कॅटरिंगला प्रकीर्णन. आपल्या शालेय पुस्तकांत रेडिएशन म्हणजे प्रारण आणि स्कॅटरिंग म्हणजे विकिरण. मूळ धातू 'कॄ', म्हणजे विखुरणे. विकीर्ण, प्रकीर्ण, संकीर्ण हे सगळे त्याचेच. त्यामुळे लेखातला शब्द बरोबर आहे.

मला खटकतं ते क्रियापद. अशा लेखांत 'इलेक्ट्रॉन प्रोटॉनवरून विखुरतो' असं सर्रास लिहितात. मराठीत एकटी वस्तू विखुरत नाही. माळ तुटली की मणी विखुरतात. एकच मणी असेल तर तो घरंगळतो. तसाच एक इलेक्ट्रॉन वळतो, दिशा बदलतो. विखुरतात ते अनेक.

आणि प्रयोगही नेमका असाच चालतो. स्टॅनफर्डच्या सुमारे 3 किलोमीटर लांबीच्या कणवेगवर्धकातून 1967 पासून द्रवरूप हायड्रोजनवर इलेक्ट्रॉनचा मारा केला गेला. पलीकडे, प्रोटॉनवरून वळलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि कोन चुंबकांच्या साहाय्याने मोजत. एका इलेक्ट्रॉनवरून काहीच कळत नाही. असंख्य नोंदी जमल्यावर दिसलं, की बरीच ऊर्जा गमावून मोठ्या कोनातून वळलेले इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आहेत. प्रोटॉनचा विद्युतभार आत सगळीकडे सारखा पसरलेला असता तर असं झालं नसतं. तो बिंदुवत कणांवर एकवटलेला असला पाहिजे. हेच क्वार्क. फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर यांना यासाठी 1990चं नोबेल मिळालं.

आता 'इनइलॅस्टिक'. 'अलवचीक' नको, प्रोटॉन ताठ की लवचीक हा मुद्दाच नाही. कोशातला 'अस्थितिस्थापक' लांबलचक असला तरी नेमका आहे. स्थितिस्थापक टकरीत प्रोटॉन अखंड राहतो. भौतिकशास्त्रज्ञ हॉफस्टॅटर यांनी 1950च्या दशकात प्रोटॉनचा आकार मोजला तो अशाच टकरींतून. अस्थितिस्थापक टकरीत इलेक्ट्रॉनची काही ऊर्जा प्रोटॉनच्या आत खर्ची पडते, प्रोटॉन प्रोटॉन राहत नाही, आणि नव्या कणांचा फवारा उडतो. मात्र 'प्रोटॉन फोडून क्वार्क बाहेर काढले' असं कृपया लिहू नका. सुटा क्वार्क कधीच हाती लागत नाही.

'डीप'साठी 'गहन'ही नको, मराठीत गहन म्हणजे समजायला अवघड. साधा 'खोल' घ्या: टक्कर जितकी जोरकस, तितकं आतलं बारीक दिसतं. म्हणून संज्ञा 'खोल अस्थितिस्थापक विकिरण'. वाक्यात मात्र 'ऊर्जा गमावून वळलेले इलेक्ट्रॉन' असं सरळ लिहावं.