घरी मोटारसायकलची कामं करताना घरातल्या कोणत्या वस्तू चालतात?

जुनी स्प्लेंडर आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच काम करायचंय, हत्यारं फारशी नाहीत, तर घरातलं काय चालेल, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात धनकवडीत बरीच वर्षं हेच करतोय. हत्यार म्हणून घरातलं वाट्टेल ते वापरा, पण काम संपल्यावर जी वस्तू गाडीतच राहणार आहे ती दुकानातूनच आणा.

हे मला बायकोच्या केसांच्या आकड्याने शिकवलं. मागच्या ड्रम ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक पट्टी असते, तिचा नट सुटू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन, म्हणजे टोकं वाकवायची दुपाखी तार, घालतात. माझी तुटली. रविवारची दुपार, दुकानं बंद, म्हणून आकडा वाकवून घातला. पुढच्या आठवड्यात कात्रजचा घाट उतरून खाली चहाला थांबलो, सहज वाकून पाहिलं, तर आकडा गायब आणि नट शेवटच्या दोन आट्यांवर. तो पडला असता तर ब्रेक दाबताच प्लेट फिरून चाक जाम झालं असतं. नवी पिन काही रुपयांत मिळते. त्या दिवशी गाडी तिथेच ठेवून पीएमटीच्या बसने घरी आलो. (हो, पीएमपीएमएल. आमच्या तोंडी पीएमटीच आहे.)

आता चालणाऱ्या गोष्टी. सगळ्यांत लाडकी दुधाची पिशवी. क्लच जड झाला असेल तर केबल लिव्हरकडून सोडवा. पिशवी धुऊन पूर्ण कोरडी करा, पाण्याचा थेंब राहिला तर आतली तार गंजेल. एका कोपऱ्याला बारीक छेद देऊन त्यात केबलचं टोक घाला, रबरबँडने घट्ट बांधा आणि दोन-तीन चमचे इंजिन ऑइल ओतून रात्रभर उभी टांगून ठेवा. तेल आपोआप खाली झिरपतं. खाली रद्दी पसरा. मी गॅलरीत कपड्यांच्या दोरीला टांगली होती, तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "कोणाला सलाईन लावलंय?"

स्पार्क प्लगचा गॅप, म्हणजे जिथे ठिणगी पडते ती फट, बघायला हॅकसॉ ब्लेड घ्या. साध्या ब्लेडची जाडी साधारण 0.65 मिमी असते आणि जुन्या 100 सीसी गाड्यांना 0.6 ते 0.7 गॅप लागतो. नव्या मॉडेलांत जास्त असतो, म्हणून आधी गाडीची पुस्तिका बघा. चेनसाठी रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश. इंजिन मात्र बंद, चाक हाताने फिरवायचं. चालू इंजिनवर चेन पुसताना फडक्याबरोबर बोटं गेलेली माणसं आहेत.

ड्रेन नट (इंजिनातलं जुनं तेल काढायचा खालचा नट) किती आवळायचा हा नवशिक्यांचा खरा प्रश्न, कारण तिथे आटे गेले की खर्च मोठा. रद्दी तोलायचा हुकाचा काटा असेल तर तो पान्न्याच्या टोकाला अडकवून काटकोनात ओढा. नटाच्या मध्यापासून 20 सेंटीमीटरवर 10 किलोची ओढ म्हणजे 2 किलोग्रॅम-मीटर पीळ (टॉर्क). तुमच्या गाडीला किती पीळ लागतो ते पुस्तिकेत असतं.

पार्ट विकतचाच, या नियमाला माझ्याकडे एकच अपवाद: टाकीला केसाएवढी चीर जाऊन पेट्रोल पाझरत असेल तर कपड्याच्या साबणाची कोरडी वडी त्यावर दाबून घासा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे गळती तात्पुरती थांबते. गॅरेज गाठण्यापुरतीच, आणि जवळपास विडी-काडी नको.

पान्ना मात्र खराच हवा. पकडीने नट सोडवलात की कडा गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा. 10, 12, 14, 17 चे पान्ने आणि एक प्लग पाना एवढं घ्या. नवे नाना पेठेत मिळतील. बुधवारी किंवा रविवारी वेळ असेल तर आधी मंगळवार पेठेतला जुना बाजार धुंडाळा, पण तिथे पान्ना घेताना त्या मापाचा एक नट खिशात ठेवा आणि बसवून बघा. तोंड फाकलेले पान्नेही तिथे तेल लावून चकाचक मांडलेले असतात.