लघवीच्या गोळीबद्दल तेच ते प्रश्न, एकदाचे सगळे एकत्र

अंगावरची सूज उतरायला डॉक्टर जी लघवी वाढवणारी गोळी देतात ना, तिच्याबद्दल विचारणारे थांबतच नाहीत, आणि दर वेळी शब्द बदलतात पण प्रश्न तोच असतो. म्हणून यावेळी निवडक प्रश्न एकत्र घेतलेत. आधीच सांगून ठेवतो, इथे बसून मी कुणाचा डोस ठरवणार नाही, कारण तुमचं बीपी, किडनीचे रिपोर्ट, बाकीच्या गोळ्या यातलं काहीच माझ्यासमोर नाहीये.

प्रश्न: सकाळी गोळी घेतली की ऑफिसमध्ये सारखं उठावं लागतं. रात्री झोपताना घेतली तर चालेल का?

मग झोपणार कधी? फ्युरोसेमाइड ही यातली नेहमीची गोळी, ती पोटात गेल्यावर तासाभरात काम सुरू करतं आणि साधारण सहा तास चालतं, म्हणून ती सकाळी असते, आणि दुसरा डोस असलाच तर दुपारी, चारच्या आत. वयस्कर माणसं रात्री घेतात, अंधारात तीन-तीनदा उठतात, उभं राहिल्यावर बीपी खाली येतं, चक्कर येऊन पडतात आणि खुब्याचं हाड मोडून बसतात. वेळ पुढेमागे करता येते, पण ती डॉक्टरांना विचारून.

प्रश्न: काल गोळी विसरलो. आज दोन घेऊ का?

नाही. त्याच दिवशी दुपारपर्यंत आठवलं असतं तर घेतली असती तरी चाललं असतं, आता कालची सोडून द्या.

प्रश्न: माझे पाय संध्याकाळी सुजतात. सासूबाईंना हार्टसाठी ही गोळी चालू आहे, त्यांचीच अर्धी मी अधूनमधून घेते, दुसऱ्या दिवशी सूज उतरलेली असते. असंच चालू ठेवलं तर काही त्रास?

ठेवू नका. सूज उतरली याचा अर्थ एवढाच की शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर गेलं. ते साठत का होतं, ते तुम्हालाही माहीत नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही नाही, कारण तुम्ही त्यांच्याकडे गेलाच नाहीत. हार्ट, किडनी, लिव्हर, थायरॉइड, पायाच्या शिरांच्या झडपा, यातलं काहीही असू शकतं. किडनीचा आजार असेल तर लघवीतून प्रथिनं जातात, ते एका साध्या लघवीच्या तपासणीत कळतं, आणि ती सोडून तुम्ही दुसऱ्याच्या औषधावर महिने काढताय.

बीपीसाठी ॲम्लोडिपिन घेताय का, हेही बघा. तिच्यामुळे बऱ्याच जणांचे घोटे सुजतात, पण ते शरीरात पाणी जास्त झालं म्हणून नाही. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाणी बाहेर झिरपतं. त्याला लघवीची गोळी फारशी लागू पडत नाही, ॲम्लोडिपिनचा डोस कमी करणं किंवा औषध बदलणं हा उपाय, आणि तो डॉक्टरांनी करायचा. एका गोळीच्या साइड इफेक्टवर दुसरी, दुसरीनं पोटॅशियम उतरलं म्हणून तिसरी, अशा प्रिस्क्रिप्शन मी भरपूर बघितल्यात.

आणि सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल, गरम लागत असेल, तर हे सगळं वाचत बसू नका, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. पोटात बाळ असेल तर लघवीची गोळी मनानं अजिबात नाही, आधी बीपी तपासून घ्या.

प्रश्न: वडील ७१ वर्षांचे. बीपीला टेल्मिसार्टन, सुजेला टॉरसेमाइड. गुडघे खूप दुखतात म्हणून तीन आठवडे मेडिकलमधून पेनकिलर आणून रोज दोन वेळा घेतायत. आता पायाची सूज परत वाढलीये आणि लघवी कमी होतेय असं म्हणतात. टॉरसेमाइडचा डोस वाढवला तर चालेल का?

डोस वाढवू नका. पेनकिलर थांबवा आणि आजच डॉक्टरांना गाठा, क्रिएटिनिन (किडनी किती नीट गाळतेय ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि पोटॅशियम आजच बघायला हवं. आता का ते सांगतो, आणि जरा लांबण लावणार आहे, कारण या गोळीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत असेल तर याची.

किडनीच्या चाळणीत रक्त एका बारीक वाहिनीतून आत येतं आणि दुसरीतून बाहेर जातं, मधल्या दाबावर गाळण चालते. आत येणारी वाहिनी उघडी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवतं, आणि पेनकिलर नेमकं त्यांचंच बनणं थांबवते, दुखणं थांबतं ते त्यामुळेच. बाहेर जाणारी वाहिनी आवळून दाब टिकवायचं काम शरीरातलंच अँजिओटेन्सिन नावाचं द्रव्य करतं, त्याला टेल्मिसार्टन अडवते. आणि लघवीच्या गोळीनं अंगातलं पाणी आधीच कमी केलेलं असतं. म्हणजे टाकीत पाणी कमी, येणारा नळ अर्धा बंद आणि जाणारा पाइप सैल सोडलेला, मग गाळणार काय? यातली एकेक गोळी स्वतंत्रपणे बहुतेकांना पचते, पण तिन्ही एकत्र आल्या, त्यात वय झालेलं, त्यात दोन दिवस जेवणपाणी नीट नाही, की किडनी अचानक बसू शकते. आणि ती दुखत नाही हो! किडनी बिघडताना ठणका लागत नाही, लघवी कमी होते, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि घरचे म्हणतात वय झालं.

बरं, याच पेनकिलर शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, म्हणजे लघवीच्या गोळीच्या बरोबर उलटं काम. वडिलांची सूज त्यामुळेच वाढलेली असू शकते, आणि तुम्ही ज्या गोळीचा दोष नाही तिचा डोस वाढवायला निघालात.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन, ही सगळी यात आली. अडचण अशी की ही नावं स्ट्रिपवर बारीक अक्षरात असतात आणि मोठ्या अक्षरात असतं काहीतरी चटपटीत ब्रँडचं नाव. पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेली जोडगोळी मिळते, लोक म्हणतात 'साधी तापाची गोळी घेतली'. एका काकूंनी माझ्यासमोर शपथेवर सांगितलं की पेनकिलर घेत नाही, मग पिशवी उलटी केली तर तीन वेगवेगळ्या ब्रँडच्या स्ट्रिप निघाल्या आणि तिन्हींच्या पाठीमागे बारीक अक्षरात ॲसिक्लोफेनॅक. म्हणून स्ट्रिप उलटी करून वाचायची सवय लावा.

आणि सांधेदुखीची ती 'हर्बल, नो साइड इफेक्ट' पावडर? एका दिवसात गुडघा मोकळा करणारी? अशा पुड्यांमध्ये न सांगता स्टेरॉइड किंवा पेनकिलर मिसळलेली तपासण्यांमध्ये सापडलीये, आणि स्टेरॉइडनंही सूज येते. जडीबुटीनं एवढा झटपट आराम पडला तर खूश होण्याआधी संशय घ्या.

मग दुखण्याला करायचं काय, हा प्रश्न रास्त आहे. पॅरासिटामॉल ठरलेल्या मापात बहुतेक वेळा जास्त सुरक्षित असतं, लिव्हरचा आजार नसेल तर, वर लावायच्या जेलमधून रक्तात औषध कमी जातं, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम असतात. पण वडिलांना यातलं काय, हे त्यांचे रिपोर्ट बघणाऱ्यालाच विचारा.

प्रश्न: उलट्या-जुलाब चालू आहेत, लघवीची गोळी घेऊ की नको?

लगेच फोन करून विचारा. अशा वेळी बरेच डॉक्टर ती, आणि बीपीच्या काही गोळ्याही, पोट थाऱ्यावर येईपर्यंत थांबवायला सांगतात. खरं म्हणजे हे आजारी पडायच्या आधीच विचारून लिहून ठेवायचं असतं.

प्रश्न: लघवीच्या गोळीनं पोटॅशियम कमी होतं असं मेसेजमध्ये वाचलं, म्हणून लो सोडियम मीठ सुरू केलं. गोळीचं नाव स्पायरोनोलॅक्टोन आहे.

मेसेज पाठवणाऱ्याला तुमची गोळी कोणती ते माहीत नव्हतं. फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड यांनी पोटॅशियम उतरतं, पायात गोळे येतात, धडधडतं. स्पायरोनोलॅक्टोन ते अंगात राखून ठेवते, म्हणजे पातळी चढते. आणि लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी घातलेलं असतं ते पोटॅशियम क्लोराइड! डब्यावर हृदयाचं चित्र असतं, पण मागे किडनीच्या आणि अशा गोळ्यांच्या पेशंटसाठी इशारा असलाच तर भिंगातून वाचावा लागतो. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मध्ये असावं, फार वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि बऱ्याचदा आधी काहीच जाणवत नाही. ते मीठ बंद करा, एक-दोन दिवसांत रक्त तपासा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. कुठलीही लघवीची गोळी सुरू केली किंवा डोस बदलला की एक-दोन आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन बघायचंच असतं, आणि सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा.

प्रश्न: लग्न आहे, पंधरा दिवसांत तीन किलो कमी करायचेत. ही गोळी घेऊ का?

नाही. चरबी लघवीतून जात नाही. पाणी जाईल, पाणी प्यायलात की परत येईल. डिटॉक्सच्या नावानं जे विकतात त्यातही बऱ्याचदा हाच खेळ असतो.

प्रश्न: एक जण म्हणतो गोळी चालू असताना भरपूर पाणी प्या नाहीतर किडनी सुकेल, दुसरा म्हणतो पाणी तोडा. कुणाचं ऐकू?

दोघांचंही नको. हार्ट फार कमजोर असेल तर पाण्याला मर्यादा घालतात, सगळ्यांना नाही. भसाभसा पाणी पिऊन रक्तातलं सोडियम पातळ होतं, विशेषतः थायझाइड (हायड्रोक्लोरोथायझाइड त्यातलीच) घेणाऱ्या वयस्करांमध्ये, आणि मग माणूस बरळायला लागतो, तोल जातो, आणि घरच्यांना वाटतं विसरण्याचा आजार सुरू झाला. किती लिटर ते तुमच्या डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. मीठ मात्र कमीच, वरून घेतलेलंही आणि पॅकेटमधल्या पदार्थांतलंही, नाहीतर गोळी बिचारी एकीकडून काढतेय आणि तुम्ही दुसरीकडून भरताय.

प्रश्न: आईला हार्ट फेल्युअर आहे. सूज उतरली, बरं वाटलं म्हणून तिनं महिन्यापूर्वी गोळी बंद केली. आठवड्यात वजन चार किलो वाढलंय, रात्री तीन उशा घेऊन झोपते. अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे, तोपर्यंत जुनी गोळी सुरू करू का?

पुढच्या महिन्यात? आज न्या. आठवड्यात चार किलो ही चरबी नाही, पाणी आहे, आणि आडवं झाल्यावर दम लागतो म्हणजे ते फुप्फुसापर्यंत पोचलेलं असू शकतं. बसल्या जागी दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर थेट इमर्जन्सीला. जुन्या स्ट्रिपचा विषय डॉक्टरांवर सोडा, कारण आता तोच डोस पुरेल का, किडनी कशी आहे, हे बघितल्याशिवाय कळणार नाही.

बरं वाटलं ते गोळी चालू होती म्हणून. यापुढे रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत मांडा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं की फोन करायचा, सूज दिसायची वाट बघायची नाही, कारण नडगीवर बोट दाबून खड्डा राहायला लागतो तोपर्यंत अंगात काही लिटर पाणी साठलेलं असतं. वजन झपाट्यानं उतरत असेल आणि उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येत असेल तरीही फोन करा, तेव्हा डोस जास्त होत असतो.

प्रश्न: मला सल्फाची ॲलर्जी आहे. ही गोळी चालते का?

बहुतेकांना चालते, सल्फाच्या अँटिबायोटिकची ॲलर्जी असली म्हणजे ही सोसतच नाही असं नाही. पण पहिली गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा, आणि तेव्हा नक्की काय झालं होतं, नुसती खाज की चेहरा-घसा सुजला होता, तेही सांगा.