मुलांना गोष्टींतून पर्यावरण कसं शिकवावं?

दुसरी-तिसरीतली पोरं पर्यावरणाच्या गोष्टींना कंटाळतात, असं तुम्ही लिहिलंय. मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. माझं ऐकाल तर ध्रुवावरचं अस्वल आणि रडणारं झाड सध्या राहू द्या. आपल्याकडं दुष्काळाच्या गोष्टी घरोघरी आहेत.

मी दोन दुष्काळ शेजारी-शेजारी मांडतो. पहिला 1972 चा, तो आजी-आजोबांनी सांगायचा: दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणं, वाटपात मिळणारी सुकडी, बाहेरून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. त्या साली खायला दाणा नव्हता, पण बऱ्याच गावांत आडाला पाणी होतं. दुसरा 2016 चा, तो आईबापांनी सांगायचा. दुकानात धान्य होतं, नळाला पाणी नव्हतं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी (टाकीचे डबे), एकेकीत 50 हजार लिटर. रेल्वे म्हटलं की पोरं सरसावून बसतात. आधी त्यात तेल होतं का? पाणी हिंदकळत नव्हतं का? सगळ्याची उत्तरं द्यायची घाई करू नका. आपल्या घरी रोज किती घागरी लागतात, एक वाघीण गल्लीला किती दिवस पुरेल, हे त्यांनाच फरशीवर खडूनं मांडू द्या.

मग कुणीतरी विचारतंच, "तवा आडाला पाणी होतं, तर आता कुठं गेलं?" हा प्रश्न पोराच्याच तोंडून यायला हवा. तुम्ही आधी बोललात की गोष्टीचं भाषण झालं. बोअर किती खोल गेले, ऊस किती पाणी पितो, ते यानंतर. उसाचं जरा जपूनच बोला. कित्येकांचं घर त्यावर चालतं, आणि पोरानं घरी जाऊन बापाला जाब विचारला की दुसऱ्या दिवशी बाप शाळेच्या दारात.

अगदी लहानांना पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट सांगा. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाला पाजली. "मग रामेश्वराला काय घातलं?" यावर आमच्या वर्गात चांगलंच भांडण जुंपलं होतं. तात्पर्य मात्र विचारू नका, तिथंच पोरं जांभया देतात.

गोष्टीला मुहूर्तच हवा असेल तर येळवस, म्हणजे वेळ अमावास्येला शेतात जेवायला जायचा आमच्याकडचा सण. भज्जी-आंबिल खाऊन मंडळी शेतातल्या कोपीपाशी (खोपटापाशी) लवंडलेली असतात, आजोबा रंगात असतात आणि विहीर समोरच असते. वाकून बघा म्हणून पोरांना सांगावं लागत नाही, दंड तेवढा घट्ट धरून ठेवा.