आईबाबांना घेऊन वॉटसन्स बेला जाताना

तुम्ही लिहिलंय की आईबाबा डिसेंबरात पहिल्यांदाच सिडनीला येतायत, बाबांचे गुडघे दुखतात, मुलगी सहा वर्षांची आहे आणि तिला पाण्यात खेळायचंय, पण बॉन्डायच्या, म्हणजे उघड्या समुद्रावरच्या प्रसिद्ध किनाऱ्याच्या, लाटांची तुम्हाला धास्ती वाटते. माझ्या मते तुम्ही डोळे झाकून वॉटसन्स बेला जा. फक्त गाडी घरी ठेवा. तिथल्या गल्ल्या अरुंद आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी पार्किंग शोधण्यातच अर्धी सकाळ जाते.

सिडनी बंदराच्या तोंडाशी दक्षिणेकडून साउथ हेड नावाचं चिंचोळं भूशिर आत घुसलंय. त्याच्या एका अंगाला उघडा पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला बंदराचं शांत पाणी. वॉटसन्स बे हे मूळचं कोळ्यांचं आणि जहाजांना वाट दाखवणाऱ्या पायलटांचं गाव, ते या आतल्या अंगाला वसलंय. महासागराची लाट भूशिराच्या कड्यावर आपटते, गावात तिचा जोर उरत नाही. म्हणून लहान मुलांना घेऊन जायला ही जागा इतकी चांगली.

शहराच्या मध्यावरच्या सर्क्युलर कीवरून एफ-९ फेरी घ्या. जाताना उजव्या बाजूला उघड्यावर बसा, म्हणजे निघाल्या निघाल्या ऑपेरा हाऊस अगदी समोरून जातं. रोज बे वगैरे थांबे घेत साधारण अर्ध्या तासात पोचाल. आईबाबांना वेगळं तिकीट काढायची गरज नाही, पण प्रत्येकाने आपापलं बँकेचं किंवा ओपल (इथल्या बस-ट्रेन-फेरीचं) कार्ड टॅप करायचं. एका कार्डावर दोघं चालत नाहीत. मुलीसाठी मात्र लहान मुलांचं ओपल कार्ड आधीच घेऊन ठेवा.

आता पाण्याचं. सगळे तुम्हाला कॅम्प कोव्ह सांगतील आणि ते चूक नाही. धक्क्यावरून जुन्या लाकडी घरांच्या गल्लीतून दहा मिनिटं चाललं की पिवळसर वाळूची छोटीशी खाडी लागते. २१ जानेवारी १७८८ ला इंग्रजांच्या नव्या वसाहतीचा गव्हर्नर आर्थर फिलिप याची तुकडी बंदर धुंडाळायला आली, तेव्हा ती इथेच उतरली होती. त्यांच्या आधी हजारो वर्षं हा इथल्या मूळ रहिवाशांचा, बिराबिरागल लोकांचा किनारा. उन्हाची तिरीप पडली की कमरेएवढ्या पाण्यातही तळाची वाळू दिसते, तिच्यावरच्या रेघा दिसतात, पायाजवळून बारकी मासळी पळताना दिसते. तुमची मुलगी तिथून उठायचं नाव घेणार नाही. पण वाळूवर उतरायला पायऱ्या आहेत, सावली फार कमी आहे आणि लाइफगार्ड नसतो. तेव्हा मोठ्या माणसाने तिच्या हाताच्या अंतरावर राहायचं, मोबाइल पिशवीत ठेवून.

बाबांसाठी मी वेगळं सुचवेन. धक्क्यापासून जवळच वॉटसन्स बे बाथ्स आहेत. समुद्राचंच पाणी, पण जाळीने वेढलेलं, आणि आत उतरायला रॅम्प आहे. कठड्याला धरून गुडघाभर, मग कमरेएवढ्या पाण्यात शांतपणे उभं राहता येतं. आपल्याकडचे बरेच ज्येष्ठ लोक "आम्ही बघतो फक्त" म्हणत काठावर बसून राहतात, कारण वाळूतून चालत लाटेत शिरायची त्यांना भीती वाटते. रॅम्प मिळाला की तीच माणसं पाण्यात जातात. बाबांना आग्रह करा, कपड्यांचा एक जादा जोड न सांगता पिशवीत टाका.

या आडोशाची एक दुसरी बाजूही आहे आणि ती कुणी सांगत नाही. लाटा येत नाहीत म्हणजे पाणी लवकर बदलतही नाही. जोराचा पाऊस झाला की रस्त्यांवरचं, गटारांचं पाणी बंदरात येतं. उघड्या किनाऱ्यांवर पावसानंतर एक दिवस पोहू नका म्हणतात, बंदराच्या आतल्या किनाऱ्यांवर तीन दिवसांपर्यंत. निघायच्या सकाळी किनाऱ्यांवरच्या पाण्याची स्वच्छता सांगणाऱ्या बीचवॉचच्या साइटवर त्या किनाऱ्याचा अंदाज बघा. गढूळ पाणी टाळायचं आणखी एक कारण म्हणजे बुल शार्क. उन्हाळ्यात ते बंदरात असतात. जानेवारी २०२४ मध्ये याच बंदरात एलिझाबेथ बेला एका पोहणाऱ्या बाईंना चावा बसला होता. असं क्वचितच घडतं, तरी पहाटे, संध्याकाळी किंवा पावसानंतर खोल पाण्यात जाऊ नका, आणि मनात शंका असेल तर सरळ जाळीच्या आत पोहा.

कॅम्प कोव्हच्या उत्तर टोकाकडून साउथ हेडची पायवाट सुरू होते. शेवटी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं हॉर्न्बी दीपगृह आहे, समोर नॉर्थ हेडचा कडा. वाट फार लांब नाही, पण सुरुवातीला पायऱ्या आणि मग खडबडीत दगड आहेत, बाबांना झेपेल असं नाही. शिवाय वाटेत लेडी बे लागतो. तिथे कपड्यांशिवाय वावरायला १९७६ पासून कायद्याने परवानगी आहे आणि वरच्या वाटेवरून तो दिसतो. आईबाबा सोबत असताना हे आधी माहीत असलेलं बरं.

त्याऐवजी दुपारी रॉबर्टसन पार्कमधून पलीकडे 'द गॅप'ला जा. पार्कातल्या मोठ्या वडवर्गीय झाडांखाली आधी जेवून घ्या. मासे खाणारे असाल तर काठावर डॉयल्स हे माशांचं हॉटेल आहे, पण चारपाच जणांना तिथे बसून खाणं खिशाला जड जातं. फिश अँड चिप्स बांधून घ्या, आई मासे खात नसतील तर त्यांच्यासाठी घरचा डबा न्या. सीगल हातातली चिप पळवतात, मुलीला आतल्या बाजूला बसवा.

पार्क ओलांडून थोडा चढ चढलात की शांत गाव संपतं आणि खाली थेट महासागर आदळताना दिसतो. २० ऑगस्ट १८५७ च्या रात्री डनबार नावाचं जहाज बंदराचं तोंड शोधताना इथल्या कड्यांवर फुटलं. १२१ माणसं गेली, एकच खलाशी वाचला. त्या जहाजाचा नांगर तिथे ठेवलाय, तो बाबांना नक्की दाखवा. हॉर्न्बी दीपगृह पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये उभं राहिलं, ते अशाच अपघातांमुळे.

या कड्याला आणखी एक दुःखद इतिहास आहे. जीव द्यायला लोक इथे येत. समोरच राहणारे डॉन रिची अशा माणसाशी शांतपणे बोलायचे, घरी चहाला बोलवायचे. दीडशेहून अधिक जणांना त्यांनी परत फिरवलं. २०१२ मध्ये ते गेले. मला या सगळ्या परिसरात त्यांच्याइतकं मोठं काही वाटत नाही. मुलीचा हात मात्र तिथे सोडू नका, कठडा असला तरी.

शक्य असेल तर मधल्या वारी जा आणि सकाळी दहाच्या आत पोचा. डिसेंबरचं ऊन वाऱ्यामुळे जाणवत नाही, पण भाजतं. टोपी आणि सनस्क्रीन आईबाबांनाही लावायला लावा. रविवारी गेलात तर परतीच्या फेरीला चारनंतर लांब रांग लागते. बाबांना उभं ठेवू नका, गावातूनच ३८० नंबरची बस बॉन्डाय जंक्शनला जाते, तिथून ट्रेन मिळेल.