सातबारा भावाच्या नावावर, पैसे वडिलांचे

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील गिरणी कामगार. त्यांनी 1984 मध्ये पेणजवळ 18 गुंठे जमीन घेतली, ती 7 वर्षांच्या मुलाच्या नावावर. 2019 मध्ये मृत्युपत्र न करताच ते गेले. आता भाऊ जमीन विकायला निघालाय. ‘कागद माझ्या नावावर, तुमचा संबंध काय?’ असं म्हणतो, पण खरेदीदाराच्या वकिलाला ताईंची आणि आईची सही हवी आहे. ती द्यावी का?

ताई, सही देऊ नका. खरेदीखतात तुम्हाला ‘मान्यता देणार’ म्हणून घालतील आणि दुय्यम निबंधकासमोर तुमचा अंगठा घेतील. त्यानंतर ‘मला वाचूनच दाखवलं नव्हतं’ हे कोर्टात पटवून देणं फार जड जातं. कितीतरी बहिणींना ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे’ या एका वाक्यावर हक्क गमावताना मी पाहिलंय.

तुम्ही पाठवलेल्या जुन्या सातबाऱ्यावर भावाच्या नावाशेजारी ‘अ.पा.क. बाप’ अशी नोंद आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन मुलाचा पालक. भाऊ सज्ञान झाल्यावर फेरफारानं ती नोंद निघाली, पण त्यानं मालकी ठरली नाही. सातबारा हा महसुली कागद. त्यावरची नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध पुरावा आला की ती टिकत नाही. तुमची खरी अडचण खरेदीखताची आहे, कारण तेही भावाच्याच नावानं आहे.

बापानं पैसे घालून मुलाच्या नावावर जमीन घेतली तर ती मुलाला बक्षीस दिली, असं इंग्लंडच्या कायद्यात गृहीत धरत. आपल्याकडे ते लागू नाही, हे प्रिव्ही कौन्सिलनं (ब्रिटिश काळातलं सर्वात वरचं अपील न्यायालय) 1854 मध्येच बंगालमधल्या एका खटल्यात सांगितलं. तिथेही बापानं मुलाच्या नावावरच खरेदी केली होती. पैसा कुणाचा, ही पहिली कसोटी. पुढे सर्वोच्च न्यायालयानं 1973 मध्ये आणखी कसोट्या एकत्र मांडल्या: ताबा कुणाचा राहिला, मूळ कागद कुणाच्या हाती होते, दुसऱ्याचं नाव घालायचं कारण काय, दोघांचं नातं काय, नंतर कोण कसं वागलं. सिद्ध करण्याचा भार मात्र तुमच्यावर आहे, आणि नुसत्या संशयावर तो उचलला जात नाही.

म्हणून माळ्यावरची वडिलांची ट्रंक खाली काढा. 1984 च्या आसपास त्यांनी फंडातून उचल घेतली असेल, पतपेढीचं कर्ज काढलं असेल, तर त्याची चिठ्ठी, पासबुक, पगाराची पावती शोधा. शेतसाऱ्याच्या पावत्या कुणाच्या नावानं फाटल्या तेही बघा. 7 वर्षांच्या मुलाकडे कमाई नव्हती हे उघड आहे, पण पैसे आजोबांनी दिले, असं भाऊ म्हणू शकतो. त्याला उत्तर याच कागदांत मिळेल.

भावाचा वकील 1988 चा बेनामी (पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं अशा) व्यवहारांचा कायदा पुढे करील, कारण नावावर असलेल्याविरुद्ध खऱ्या मालकाला किंवा त्याच्यामार्फत कुणाला दावा लावायला त्यात बंदी आहे. पण 1 नोव्हेंबर 2016 पासूनच्या दुरुस्तीत, स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून अपत्याच्या नावावर घेतलेली मालमत्ता बेनामी धरलेली नाही. व्यवहार या अपवादात बसतो का हे पुरावा पाहून ठरवायचं, दावा दारातूनच परत पाठवायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये पवनकुमार विरुद्ध बाबुलाल या निकालात म्हटलं. तुमची खरेदी 1984 ची असल्यानं कुठला कायदा लागू, यावर वाद होईलच. केस लढण्यासारखी आहे, पण सोपी नाही, हे मनाशी धरूनच पुढे जा.

जमीन वडिलांची ठरली, तर आई, भाऊ आणि तुम्ही, प्रत्येकी एक तृतीयांश (आजी हयात नाही असं धरून). यासाठी हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीचा आधार लागत नाही. बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला 1956 पासून वाटा आहे, लग्न झालेलं असो वा नसो.

दावा मुंबईत चालणार नाही, जमीन जिथे तिथल्या दिवाणी न्यायालयात, म्हणजे रायगड जिल्ह्यात लावावा लागेल. सोबत विक्रीला मनाई मागा, आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवून घ्या. नुसता दावा लावला की खरेदीदार बांधला जातो, या भरवशावर महाराष्ट्रात राहू नका. भावानं तुमचा हक्क नाकारला ती तारीख आजच वहीत लिहा. मालकी जाहीर करून मागण्याची मुदत साधारण 3 वर्षांची असते.

शेवटी आईविषयी. त्या 76 वर्षांच्या आहेत आणि खरेदीच्या दिवशी पेणला वडिलांबरोबर होत्या, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याइतका मोठा साक्षीदार तुम्हाला मिळणार नाही. त्यांना दाव्यात वादी करा आणि वय दाखवून त्यांची साक्ष आधी नोंदवावी, असा अर्ज लगेच द्या. त्या भावाकडे राहत असतील तर त्यांच्यापुढेही कुणी कागद ठेवील. येत्या रविवारी त्यांना तुमच्याकडे घेऊन या.