नेट नाही आणि ऊन ४५ च्या पुढे, अशा ठिकाणी जाण्याआधी नवा लॅपटॉप कसा तयार करावा?

मे-जून असे दोन महिने फिल्डवर चाललात, नेट नावाला, लॅपटॉप परवाच घेतलाय, आणि तुम्ही विचारताय की अँटीव्हायरस कोणता टाकू, कूलिंग पॅड घेऊ का आणि कोणती सॉफ्टवेअर भरून नेऊ. अँटीव्हायरसचं शेवटी बघू. तुम्ही जे विचारलेलंच नाही, त्यावरून आमच्या घरात एक भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी सामूहिक वनहक्काच्या दाव्यांसाठी नकाशे करते. गडचिरोलीत, भामरागडच्या पुढे लाहेरीच्या बाजूला. गावातल्या जाणत्या माणसांबरोबर जीपीएस घेऊन गावाच्या वापरातल्या जंगलाची हद्द चालायची, संध्याकाळी ते ट्रॅक लॅपटॉपवर उतरवायचे आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा करून ग्रामसभेपुढे ठेवायचा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचाच संपर्क तुटायचा, आतल्या गावांचं तर बोलायलाच नको. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सगळं गाव तेंदूपत्त्याला. पहाटे चारला जंगलात आणि दुपारभर ७०-७० पानांचे पुडे बांधणं. तेव्हा हद्द दाखवायला कोण येणार? राहतो तो नवतपा, मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. म्हणजे बरोबर तेच दिवस, ज्यात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा नवा लॅपटॉप घेऊन गेले. जुन्याची बिजागरी तुटली होती, मी तो रबरबँड लावून वापरायचे. त्यात काय होतं आणि कुठे होतं ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण दादा पुण्यात आयटीत आहे आणि त्याला तो रबरबँड बघवेना. नवा घ्यायला लावला आणि निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी स्वतः बसून सेटअप करून दिला. विंडोज ११ होम सुरुवातीलाच नेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. माझा पासवर्ड मला आठवेना, मला गाडीची घाई, म्हणून त्याने आपल्याच खात्याने उघडून दिला. "नंतर बदलू." मी तेव्हा विचारलं होतं, "कागदावर काही लिहून ठेवायचं का?" तो हसला. "कागदावर? अगं, सगळं क्लाउडवर असतं." हे वाक्य लक्षात ठेवा.

आलापल्लीला लॉजवर रात्री वायफाय मिळालं. लॅपटॉपने गुपचूप काय काय उतरवून घेतलं ते मला कळलंही नाही. पुढे गावात अकरा दिवस मी काम झालं की झाकण मिटायचे आणि बॅगेत टाकायचे. बंद कधी केलाच नाही. जुना तसाच चालायचा. पण हल्लीचे बरेच लॅपटॉप झाकण मिटलं तरी पुरते झोपत नाहीत, फोनसारखे मधूनमधून जागे होतात. अकराव्या दिवशी शाळेच्या पत्र्याच्या खोलीत बॅग उघडली तर आतून तवा निघावा तसा निघाला. पंखा गरगरतोय आणि सकाळी भरलेली बॅटरी तिसऱ्या हिश्श्यावर आलेली. म्हटलं, आजपासून रोज नीट बंद करायचा. शाळेच्या सोलरवर चार्जर लावला आणि बंद करायला गेले, तर पुढे दिसला तो 'अपडेट करून बंद करा' हा पर्याय. दाबला.

त्या अपडेटमध्ये लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं बायोसचं (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं) अपडेटही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निळा पडदा: बिटलॉकर, रिकव्हरी की टाका, ४८ आकडे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं घातलं की बहुतेक वेळा डिस्कला आपोआप बिटलॉकरचं कुलूप लागतं. वेगळं विचारत नाही. रोज ते आपसूक उघडतं म्हणून कळत नाही. बायोस बदललं की आतल्या सुरक्षेच्या चिपला यंत्र ओळखू येत नाही, मग ती किल्ली मागते. एरवी असं अपडेट येताना हे कुलूप तेवढ्यापुरतं सैल केलं जातं. माझ्या वेळी झालं नाही. कुलपाला मी दोष देत नाही, अनोळखी हाताला किल्ली मागणं हेच त्याचं काम. माझा राग किल्ली कुठे होती यावर आहे. किल्ली दादाच्या खात्यात होती. दादा पुण्यात. आणि फोनची रेंज सात किलोमीटरवर, एका टेकाडावर, पळसाच्या झाडाखाली उभं राहिलं तर.

गावातल्या एका पोराने गाडी काढली. दुपारचे बारा. टेकाडावर पोचले तर दादा फोन उचलेना, मीटिंगमध्ये. पाऊण तासाने उचलला. त्याने ते पान उघडलं आणि एखाद्याला ओटीपी सांगावा तशा वेगाने आकडे वाचायला लागला. सहा-सहाचे आठ गट, इंग्रजीत. दोनदा लाईन तुटली. मी वहीत लिहून घेतले, परत आले, टाकले. पाचवा गट घेईना. पुन्हा तपासला, पुन्हा टाकला, घेईना. पुन्हा तेच टेकाड, पुन्हा चौदा किलोमीटर जाऊन-येऊन, आणि त्या पोराच्या गाडीतलं पेट्रोल संपत आलेलं. चूक एवढीच निघाली: त्याने 'फाइव्ह' म्हटलं होतं, मी 'नाइन' ऐकलं होतं.

आता मला कुणीच न सांगितलेली गोष्ट तुम्हाला सांगते. या किल्लीतल्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. म्हणून तर चुकीचा गट तो जागच्या जागी नाकारतो. आणि कुठलाही गट ७२०८८५ च्या वर जात नाही, म्हणजे गटाची सुरुवात ८ किंवा ९ ने होऊच शकत नाही. माझा पाचवा गट ९ ने सुरू होत होता. हे ठाऊक असतं तर दुसरी फेरी वाचली असती. शाळेच्या फळ्यावर पाच मिनिटं भागाकार केला असता की झालं. किल्ली लिहून घेतलीत की तिथल्या तिथे आठही गटांना ११ ने भागून बघा.

ट्रॅक जीपीएसमध्ये शाबूत होते, तेवढं नशीब. पण त्या संध्याकाळची ग्रामसभा टोपोशीटच्या, म्हणजे सरकारी छापील नकाशाच्या, झेरॉक्सवर झाली. एका म्हाताऱ्या पाटलांनी नाल्याचं वळण कुठे आहे ते काडीने जमिनीवर काढून दाखवलं, आम्ही ते पेन्सिलने शीटवर चढवलं. लॅपटॉप रात्री नऊला उघडला.

दादाचं म्हणणं आजही हेच: "अपडेटचं बटण तू दाबलंस." दाबलं, मान्य. पण बटणं दाबायलाच असतात. वर तो म्हणतो, किल्ली कागदावर लिहिणं असुरक्षित. अरे, लाहेरीच्या वाटेवर माझी वही चोरून, त्यातले ४८ आकडे ओळखून, मग माझा लॅपटॉपही पळवणारा चोर मला एकदा भेटवच. वही एका बॅगेत, लॅपटॉप दुसऱ्या, एवढं पुरे आहे. त्याचा पुढचा उपाय तर याहून वाईट: "मग कुलूपच काढून टाक." तेही करू नका. तुमच्याजवळ लोकांची नावं, आधार नंबर, दाव्याचे कागद असतील आणि लॅपटॉप हरवला, तर त्या माणसांना काय सांगणार?

तर तुमचं काम: लॅपटॉप तुमच्याच खात्याने उघडा, भाऊ-मेहुणा-मित्र कुणाच्या नाही. किल्ली कागदावर लिहा, फोनमध्ये फोटो ठेवा. सगळी अपडेटं, बायोससकट, निघण्याच्या आठवडाभर आधी उरकून घ्या आणि नंतर अपडेट थांबवून ठेवा. वाटेतलं वायफाय 'मीटर्ड' म्हणून नोंदवा, म्हणजे तो आपल्या मनाने फारसं काही उतरवत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरीच राउटर बंद करून तीन-चार दिवस त्याच लॅपटॉपवर खरं काम करा. जे अडायचं ते तिथेच अडेल. क्यूजीआयएस बिननेटाचं उत्तम चालतं, पण खालचा उपग्रहाचा नकाशा नेटवरून येत असतो, तो गायब होतो आणि तुमच्या रेषा पांढऱ्यावर लोंबकळतात. त्या भागाच्या नकाशाची एमबीटाइल्स नावाची फाइल करून आधीच डिस्कवर ठेवावी लागते. माझ्या सहकाऱ्याचे दाव्याचे चाळीस नमुने फोल्डरमध्ये दिसत होते, नावासकट. शेजारी छोटा ढग होता आणि तो ढग म्हणजे फाइल इथे नाही, हे त्याला गावात जाऊन कळलं. वनड्राइव्हच्या फोल्डरवर 'या डिव्हाइसवर कायम ठेवा' करा, नाहीतर सरळ बाहेर काढून ठेवा. मराठी कीबोर्डही घरीच घालून घ्या. वर्गणीचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस असेल तर ते ३० दिवसांत एकदा तरी नेटला जोडावं लागतं. तुम्ही दोन महिने चाललात, तेव्हा फुकटचं लिब्रेऑफिस जोडीला असू द्या.

उन्हाचं. बहुतेक लॅपटॉपच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ३५ अंश हवेपर्यंत लिहिलेली असते. तुमच्या खोलीतच ४२ असेल तर कूलिंग पॅड ४२ ची हवाच मारणार, घेऊ नका ते. चार कोपऱ्यांखाली बाटलीची चार बुचं ठेवली की खालून हवा जाते, फुकटात. जड काम पहाटे करा. मी साडेतीनला उठते, नऊला झाकण. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा, टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि तापणं लक्षात येण्याइतकं कमी होतं. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो, मग कंपनीच्या ॲपमधला 'शांत' मोड वापरा. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर लावा, कारण पूर्ण भरलेली बॅटरी उकाड्यात पडून राहिली की लवकर म्हातारी होते. दुसऱ्या दिवशी वीज मिळणार नाही असं दिसलं तरच आदल्या रात्री १००. बॅगेत टाकताना हायबरनेट नाहीतर शटडाउन, नुसतं झाकण मिटून नाही. उभ्या गाडीत तर पाच मिनिटंही ठेवू नका. आणि विदर्भात कुणाच्या घरी उतरलात आणि त्यांनी प्रेमाने कूलरसमोर खाट टाकून दिली तर तुम्ही झोपा, लॅपटॉप तिथे नको. कूलर पाण्याचे तुषार मारतो.

नवा लॅपटॉप टाइप-सीने चार्ज होत असेल तर ६५ वॉटची पॉवर बँक घ्या. २०,००० एमएएचची असली तरी साधारण एकदाच भरेल, जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका.

आता अँटीव्हायरस. विंडोजबरोबर येतो तो डिफेंडर पुरे. निघायच्या दिवशी त्याची व्हायरसांची यादी ताजी करून घ्या. विकतचा घेऊ नका, कारण धोका नेटवरून नाही, पेन ड्राइव्हमधून येणार आहे. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंटला दिलेला पेन ड्राइव्ह परत येतो तेव्हा सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात. प्रिंटसाठी एक वेगळा रिकामा पेन ड्राइव्ह ठेवा आणि त्यात फक्त पीडीएफ टाका.

हे सगळं विंडोजचं झालं. मॅक असेल तर तिथलं कुलूप फाइलव्हॉल्ट, त्याचीही रिकव्हरी की असते, तीही लिहा. लिनक्स वापरत असाल तर तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता. आणि तुम्ही नक्की कुठे चाललात ते लिहिलेलं नाही. कच्छ-जैसलमेरकडे असाल तर तिथल्या बारीक वाळूचा मला अनुभव नाही, तिकडच्या कुणाला तरी विचारा.

जुना लॅपटॉप चालू असेल तर तोही न्या. मी आता दोन्ही नेते, रबरबँडसकट. किल्ली मी वहीच्या मागच्या पानावर लिहिली आहे, बॉलपेनने. जेल पेनने लिहू नका. त्या दिवशी टेकाडावर मनगटाच्या घामाने माझा तिसरा गट पुसला गेला होता, आणि दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा दादाला तोही पुन्हा वाचायला लावावा लागला. त्यावर तो काय म्हणाला ते इथे लिहीत नाही. हे उत्तर घरच्या ग्रुपवर मात्र टाकणार आहे.