धुऱ्याचं भांडण, ११८ अन् चाळीस हजारांचा वकील

प्रश्न : नमस्कार काका. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, माहा लहान भाऊ शेती करते. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, शेजारच्याशी दरसाल काही ना काही चालूच राहते, यंदा त्यानं हरभऱ्यासाठी ट्रॅक्टर घातला तर नांगराचे दोन तास (ओळी) आमच्या वावरात घेतले, भाऊ बोलायला गेला, शब्दानं शब्द वाढला अन् मारामारी झाली. भावाच्या डोक्याला चार टाके पडले, समोरच्याचा हात मोडला म्हणतात. आता भावावर कलम ११८(२), अन् धमकी-अपमानाचे ३५१, ३५२ लागलं आहे अन् तो पाहुण्याच्या घरी जाऊन बसला आहे. गावातला एक जण सांगून राहिला का ठाणेदारासोबत उठबस असलेला वकील आहे, ४० हजार द्या, अटकच होत नाही. सोयाबीनचे पैसे घरात आहेत. देऊन टाकू का? नाही तर वकील पाहावा कसा?
– एक बहीण

उत्तर : ताई, पैसे आज देऊ नका. आधी हे सांगतो का मी वकील नाही, कोर्टात कारकुनी केली, म्हणून वकील लोक मी समोरून नाही तर बाजूनं पाहिले आहेत, कोण फाइल वाचून येते अन् कोण कोर्टात उभं राहून पहिल्यांदा उघडते ते बाजूनंच नीट दिसते.

पहिलं काम म्हणजे एफआयआरची प्रिंट. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये सांगितलं आहे का नाजूक गुन्हे सोडून बाकी एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकायचे, तर गावच्या ऑनलाइनवाल्या पोराकडून काढून घ्या. ती हातात असल्याशिवाय कोणत्याच वकिलाकडं जाऊ नका, कारण तुम्ही नुसतं "मारामारीची केस आहे" म्हणाल अन् तो नुसतं "होऊन जाईल" म्हणेल.

आता ११८(२) म्हणजे काय ते पाहा. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा, भारतीय न्याय संहिता, आला, त्याच्या आधी जुन्या भारतीय दंड संहितेत हीच कलम ३२६ होती, म्हाताऱ्या वकिलांच्या तोंडात अजून तेच आहे. बिनजामिनी आहे, म्हणजे जामीन हक्कानं नाही, कोर्टानं दिला तरच, शिक्षा दहा वर्षांपर्यंत, जन्मठेपही लिहिलेली आहे, म्हणून घाबरणं बरोबर आहे. पण ही कलम दोन पायांवर उभी राहते, एक तर गंभीर दुखापत पाहिजे अन् दुसरं ती घातक हत्यारानं केलेली पाहिजे. हाड मोडलं का कायद्यात ती गंभीर दुखापत. पण मोडलं का, हे गाव सांगत नाही, एक्सरे सांगते. ग्रामीण रुग्णालयात पहिल्या रात्री कागदावर फ्रॅक्चरचा नुसता संशय लिहितात, त्याच्यावर कलम लागते, अन् मग एक्सरेत निघते का मनगट मुरगळलं होतं, असं मी स्वतः पाहिलं आहे. अन् हाड खरंच मोडलं असलं पण हत्यार नव्हतं, धक्काबुक्कीत पडून मोडलं, तर गोष्ट ११७(२) कडं जाते अन् तिच्यात जामीन हक्कानं मिळते. सात वर्षांपर्यंतच्या अशा गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट उचलू नये, हेही सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अर्नेश कुमारच्या केसमध्ये सांगितलं आहे.

म्हणून वकील कसा पाहावा याचं माझं उत्तर एवढंच आहे का तो पहिल्या दहा मिनिटांत काय विचारते ते पाहा. एक्सरे झाला का, भावाच्या हातात काय होतं, भावाचे टाके कुठं मारले, त्याचा मेडिकलचा कागद कुठं आहे, आपली तक्रार दिली का. हे विचारणारा कामाचा. भिंतीवरचे फोटो दाखवणारा, ठाणेदाराचं नाव घेणारा, अन् एफआयआर घडी न उघडता टेबलावर ठेवून फीचा आकडा सांगणारा, त्याच्याकडून चहा पिऊन उठा. अन् टाक्यांवरून आठवलं, तुमचा भाऊ पाहुण्याकडं बसून राहिला तिकडं त्याच्या जखमा वाळून राहिल्या, म्हणजे त्याच्याच बाजूचा पुरावा वाळून राहिला. शिवाय लपून बसला हे जामिनाच्या अर्जात सरकारी वकील पहिल्या वाक्यात सांगते.

अटकपूर्व जामीन तालुक्याच्या जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात होत नाही, ते सेशनचं म्हणजे सत्र न्यायालयाचं काम, नाही तर मग हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ. पुसद, अचलपूर, हिंगणघाट असल्या ठिकाणी सेशन कोर्ट जवळ आहे, बाकीच्यांना जिल्ह्याला जावं लागते. तालुक्याच्या वकिलाला कमी समजू नका, खटला चालला तर वर्षानुवर्षं पेशीला तोच उभा राहणार आहे, पण जामिनापुरता सेशनमध्ये नेहमी उभा राहणारा माणूस घ्या, अन् दोघांनाही तोंडावर विचारा का तुम्ही स्वतः येणार का ज्युनिअरला पाठवणार. वकिलाला राग आला तर येऊ द्या.

जमलं तर एक दिवस सकाळी ११ ला कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा, कोणी हटकत नाही. मी पाहिलेला एक वकील सांगतो. साधा माणूस, कोटाची कॉलर विटलेली, अशाच धुऱ्याच्या केसमध्ये आरोपीच्या आईला व्हरांड्यात बसवलं अन् कृषी केंद्राच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्याकडून धुरा काढून घेतला. बोरीचं झाड कुठं, विहीर कुठं, पोरगा कुठं उभा होता, साक्षीदाराची खोपडी, म्हणजे वावरातली झोपडी, कुठं, अन् मधी काय पेरलं होतं. म्हातारी म्हणाली, तूर. किती झाली होती? तिनं हात डोक्याच्या वर नेला. पुढं साक्षीदार पिंजऱ्यात आला अन् म्हणाला का मी खोपडीतून सगळं डोळ्यानं पाहिलं, तर यानं फक्त तुरीचं विचारलं, बाकी काही नाही. साक्षीदार तोंडात बोट घालून उभा. असा वकील ओरडत नाही म्हणून लोकांना मवाळ वाटते.

अन् ताई, वकिलाला खरं सांगा. भावानं मारलं असन तर मारलं म्हणून सांगा, त्यानं ते बाहेर सांगायला कायद्यानंच बंदी आहे. लपवलेली गोष्ट सरकारी वकिलाच्या तोंडून ऐकायला मिळाली का आपल्या वकिलाचे हातपाय गळतात.

फीचं म्हणाल तर आधी ठरवून घ्या का जामिनाचे किती, चार्जशीट आल्यावर खटल्याचे किती, टायपिंग-स्टॅम्प त्याच्यात का वेगळं. पावती मागा, नाहीच दिली तर फोन पेवर पाठवा म्हणजे नोंद राहते. "जामीन झाला तर इतके, नाही झाला तर नाही" असा सौदा वकिलाला बार कौन्सिलच्या नियमानं करता येत नाही, म्हणून तुमच्या त्या चाळीस हजारवाल्यानं गॅरंटी दिली तिथंच समजून घ्यायचं. थोडे पैसे मागं ठेवा, जामीन मंजूर झाल्यावर जमानतदार, त्याचा सातबारा, तहसीलचा ऐपतीचा दाखला, ह्याच्यामागं दोन-चार दिवस अन् गाडीभाडं जातेच.

प्रश्न : आमचा वकील फोन उचलत नाही, पेशीची तारीख सांगत नाही. दुसरा लावायचा तर म्हणतो बाकीची फी द्या, मगच फाइल देतो.
– एक वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर : फाइल अडवून ठेवता येत नाही, भाऊ. सुप्रीम कोर्टानं २००० सालीच आर. डी. सक्सेनाच्या निकालात सांगितलं आहे का फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद धरून ठेवायचा हक्क नाही, फी पाहिजे तर त्यानं वेगळा दावा करावा. आधी नरमाईनं एनओसी, म्हणजे दुसरा वकील लावायला हरकत नाही असा कागद, मागा, दिली नाही तर नवीन वकील कोर्टाची परवानगी मागून वकीलपत्र टाकते. पण खरंच फी द्यायची राहिली असन तर देऊन टाका, तालुक्याच्या कोर्टात सगळे एकाच टपरीवर चहा पितात.

तारखेसाठी फोन करत बसू नका. केसचा १६ आकडी-अक्षरी सीएनआर नंबर घ्या, ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाका, पुढची तारीख दिसते. मी कारकून होतो तेव्हा लोक ह्याच्यासाठी माझ्या टेबलापुढं तासतास उभे राहत.

प्रश्न : सरकारी फुकटचा वकील खरंच भेटते का? मजुरी करतो.

उत्तर : भेटते. बाई असन, एससी-एसटी असन, अपंग असन, नाही तर माणूस कोठडीत असन तर उत्पन्न विचारत नाहीत. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न पाहिजे. फुकटचा म्हणून नाक मुरडू नका, त्यातले काही जण फीवाल्यांपेक्षा जास्त फाइल वाचतात, पण त्यांनाही वरचेच प्रश्न विचारा. तालुका कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असते, आधार, एफआयआरची प्रिंट अन् उत्पन्नाचा नाही तर जातीचा दाखला घेऊन जा. जाणं जमत नसन तर १५१०० ला फोन लावा.